पांढरी लोंबी दिसण्याआधी



भाद्रपदाच्या सुमारास जामसंड्याच्या सड्यावरून खाली मळ्याकडे उतरू लागले की भाताचा रंग पालटलेला दिसतो. हळवे भात पिवळसर होऊ लागलेले असते, निमगरवे पोटरीतून बाहेर पडलेले असते. भरलेली लोंबी दाण्याच्या भाराने वाकते. त्या वाकलेल्या गर्दीत मधूनच एखादी लोंबी मात्र ताठ उभी असते आणि तिचा रंग पांढराफटक असतो. लांबून ती चांगली शोभून दिसते. जवळ जाऊन चिमटीत धरून ओढली तर ती सहज हातात येते. दाणा दाबून पाहावा तर आत काही नाही. हीच पळिंज.

अशा वेळी पुष्कळ जण घाईघाईने बाजारात जाऊन औषधाची बाटली आणतात. पैसे जातात, अंगावर फवारा उडतो, आणि पांढरी लोंबी पांढरीच राहते. कारण उघड आहे. जी लोंबी आतून कुरतडली गेली तिला कोणतेही औषध पुन्हा जोडू शकत नाही. कुरतडणारा तर काडीच्या पोटात दडून बसलेला. फवारा बाहेरच्या बाहेर ओघळून जातो. हे नुकसान टाळण्याचा दिवस केव्हाच मागे पडलेला असतो. त्या दिवशी आपण शेतात गेलो होतो, मेरेवरून पाणीही पाहिले होते. पतंग मात्र पाहिला नव्हता. आजचे सांगणे एवढ्यापुरतेच आहे : औषधाच्या आधी नजर, आणि नजरेच्या जोडीला मोजदाद.

आता हा कुरतडणारा कोण ते पाहू. पिवळा खोडकिडा हे त्याचे नाव. नावात किडा असला तरी त्याचे मूळ एक लहानसा पतंग आहे. मादी वाळल्या गवतासारखी पिवळी, आणि तिच्या पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका, काडीने बुक्का लावावा तसा. नर तिच्याहून लहान आणि मळकट भुरा. त्याच्या पंखावरचा ठिपका सहसा उठून दिसत नाही. हा पतंग स्वतः भात खात नाही. त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. थोडे दिवस जगावे, अंडी घालावी आणि मरावे, एवढाच त्याचा संसार. मादी दिवस मावळल्यावर पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते आणि आपल्या शेपटाकडचे बदामी केस त्यावर चिकटवते. मसुरीच्या डाळीएवढा मखमलीचा तुकडा पानाला चिकटवावा, तसा तो पुंजका दिसतो. एका पुंजक्यात पन्नास-पाऊणशे अंडी सहज असतात.

पाच ते आठ दिवसांत अंडी फुटतात. बारीक पिल्ले रेशमाच्या धाग्याला लोंबकळतात आणि वाऱ्यावर झुलत शेजारच्या चुडावर जातात. मग प्रत्येक पिल्लू आपापला फुटवा गाठते, पानाच्या आवरणातून आत शिरते आणि खोडाला भोक पाडून कायमचे आत जाते. बहुधा एका फुटव्यात एकच अळी राहते. महिनाभर आतल्या आत गाभा खाऊन ती खोडाच्या बुंध्याशी कोष करते. कोषात जाण्याआधी ती एक शहाणपण करते. बाहेर पडण्यासाठी खोडाला भोक पाडून ठेवते, फक्त वरचा पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते. पुढे होणाऱ्या पतंगाला काही कुरतडता येणार नाही, म्हणून ही आधीच केलेली सोय.

यावरून एक गोष्ट आपल्या ध्यानात येईल. पतंग शेतात दिसू लागल्यापासून अळी खोडात शिरेपर्यंत साधारण आठ-दहा दिवसांची मुदत आपल्या हाती असते. त्या मुदतीत शत्रू उघड्यावर असतो. पतंग उडत असतो, अंडी पानावर असतात, पिल्ले बाहेर असतात. एकदा दार लागले की महिनाभर आपला काही उपाय चालत नाही. आठवड्यातून एकदा शेत नीट पाहणाऱ्याला ही मुदत सापडते. पंधरा-वीस दिवसांनी फेरी मारणाऱ्याच्या हातून ती निसटते.

पण लगेच घाबरूनही चालणार नाही, कारण भाताचे रोप स्वभावाने सोशिक आहे. लावणीनंतर फुटवे येण्याच्या काळात अळीने गाभा खाल्ला तर मधले पान सुकून तपकिरी होते. याला गाभेमर म्हणतात. अशा वेळी चूड नवे फुटवे काढून आपली भरपाई पुष्कळशी करून घेतो. दहा फुटव्यांतला एखादा मेला म्हणून दहावा हिस्सा पीक गेले असे होत नाही. लोंबी पोटरीत असताना किंवा निसवताना अळी शिरली तर मात्र नवा फुटवा काढायला वेळ उरत नाही. गेलेली लोंबी ती गेलीच. म्हणून श्रावणात दिसलेल्या थोड्या गाभेमरीने हवालदिल होऊ नये, आणि भाद्रपदात दिसलेल्या चार पतंगांकडे काणाडोळा करू नये. दिसायला दोन्ही सारखेच, पण त्यांची किंमत निराळी आहे.

ही किंमत ठरवावयाची कशी? त्यासाठी शास्त्रज्ञांनी एक रेघ आखून दिली आहे. तिला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. अर्थ अगदी व्यवहारी आहे. किडीने होणारी हानी जेव्हा औषधाच्या आणि मजुरीच्या खर्चापलीकडे जाऊ लागते, ती ही पातळी. तिच्या खाली फवारणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. पिवळ्या खोडकिड्यासाठी ही पातळी साधारणपणे शंभरात ५ मेलेले फुटवे, किंवा एका चौरस मीटरमध्ये १ अंडीपुंज अशी धरतात. पीक फुलोऱ्याजवळ आले की चौरस मीटरला १ पतंग दिसणे हीसुद्धा इशाऱ्याची खूण मानावी.

आता मोजावयाचे कसे ते सांगतो. आठवड्याचा एक वार ठरवून घ्या. बाजाराचा सोडून कोणताही वार चालेल. सकाळी ऊन चढण्याआधी शेतात उतरा. मेरेवर उभे राहून शेत दिसते, कीड दिसत नाही. कडेचे चार चूड हे काही साऱ्या कुणग्याचे प्रतिनिधी नव्हेत. म्हणून एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपे चालत जा आणि वाटेत ठरावीक पावलांवर थांबून जो चूड पायाशी येईल तो मोजा. रोगट दिसला म्हणून निवडू नका, चांगला दिसला म्हणून टाळू नका. असे २० चूड झाले की पुरे. प्रत्येक चुडातले एकूण फुटवे किती आणि त्यांतले गाभा मेलेले किती, एवढे दोनच आकडे लिहायचे.

समजा, २० चुडांत मिळून २४० फुटवे भरले आणि त्यांत ९ मेलेले निघाले. नवाला शंभराने गुणून २४० ने भागले की पावणेचार येतात. म्हणजे शंभरात पावणेचार. रेघ पाचावर आहे, तेव्हा थांबा. मेलेले गाभे बुंध्याशी कापून आतल्या अळीसकट नष्ट करा, पण बाटली उघडू नका. पुढल्या आठवड्यात २५० फुटव्यांत १५ निघाले, तर शंभरात ६ झाले. रेघ ओलांडली, आणि ओलांडण्याची दिशाही दिसली. आता सल्ला घेऊन उपाय करण्यात अर्थ आहे. एका आठवड्याचा आकडा नुसती बातमी देतो; दोन आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवले म्हणजे कीड चढते आहे की उतरते आहे ते कळते.

अंडीपुंज मोजण्यासाठी चौरस मीटरची चौकट हवी. बाजारात जायला नको. चार मीटर सुंभ घ्या, टोके बांधा आणि चार काठ्यांवर ताणून चौकोन करा. झाला चौरस मीटर. शेतात पाच ठिकाणी तो ठेवून आतल्या पानांचे शेंडे पाहा. डोळ्याला सवय होईपर्यंत पहिले दोन आठवडे वेळ लागेल. मग मात्र तो बदामी पुंजका आपण होऊन नजरेत भरू लागतो.

ओळखण्यात एक घोटाळा आपल्याकडे हमखास होतो, तोही सांगून ठेवतो. कोकणातल्या भातखाचरांत खेकडेही रोपे तोडतात. मेरेजवळची रोपे बुंध्याशी कापलेली आणि आडवी पडलेली दिसली तर तो खेकड्याचा उद्योग समजावा. खोडकिड्याचा फुटवा उभाच असतो. बाहेरची पाने हिरवी आणि मधला गाभा तेवढा सुकलेला. तो गाभा ओढला की अलगद वर येतो, आणि त्याच्या खालच्या टोकाला कुरतडल्याची खूण दिसते. पाणी तुंबल्याने किंवा खत कमी पडल्याने पिवळे झालेले पान असे ओढून येत नाही. ही एका चिमटीची परीक्षा केल्याशिवाय कोणताही फुटवा मेलेल्यांच्या यादीत घालू नये.

हे झाले पायी चालून पाहणे. त्याला एक मदतनीस आहे, तो म्हणजे कामगंध सापळा. याच्या मागची गोष्ट मोठी गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये झां आंरी फाब्र नावाचे एक शिक्षक होऊन गेले. त्यांनी एका मोठ्या पतंगाची नुकतीच कोषातून निघालेली मादी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली, तर त्याच रात्री त्या जातीचे चाळीसएक नर अंधारातून घरात शिरले. मादीने हाक मारली नव्हती की दिवा दाखवला नव्हता. तिच्या अंगाचा गंध आपल्या नाकाला कळत नाही; नराच्या मिशांना तो दुरून कळतो. हा गंध म्हणजे नेमके कोणते द्रव्य, याचा शोध जर्मनीत आडोल्फ बुटेनान्ट यांनी लावला. रेशमाच्या किड्याच्या पाच लाख माद्यांपासून त्यांनी त्याचा इवलासा अंश वेगळा केला, आणि १९५९ साली तो जाहीर झाला. तेव्हापासून एकेका किडीचा गंध कारखान्यात बनू लागला. आज आपण सापळ्यात जी लहानशी ल्यूर लावतो, ती या शोधाची नात आहे.

सापळ्याचा उपयोग नीट समजून घ्या. त्यात फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. तेव्हा दोन सापळे लावले की कीड संपली, असा समज नको. पाळत ठेवण्यासाठीचा सापळा हा दारावरचा पहारेकरी आहे. पाहुणा आला एवढे तो सांगतो. पाळतीसाठी हेक्टरी ५ सापळे पुरतात, म्हणजे वीस गुंठ्यांमागे एक. आपल्याकडे एकेकाचे कुणगे पाच-सात गुंठ्यांचे, तेही चार ठिकाणी विखुरलेले. म्हणून तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक सापळा लावला तरी काम भागते. पतंगाला सातबारा कळत नाही, मेरही कळत नाही. मोठ्या प्रमाणावर नर पकडूनच कीड कमी करायची असेल तर मात्र हेक्टरी २० सापळे लागतात.

सापळा पिकाच्या शेंड्याच्या थोडा वर राहील असा बांबूला बांधा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. आपल्याकडचा पावसाळी वारा लक्षात घेऊन बांबू खोल रोवा, आणि सापळ्यात पाणी साचून राहत नाही ना ते पाहा. ल्यूरची मुदत पुडीवर लिहिलेली असते. साधारण तीन आठवड्यांनी ती बदलावी लागते. प्रत्येक किडीची ल्यूर वेगळी, म्हणून दुकानात किडीचे नाव सांगून घ्या. पकडलेले पतंग आठवड्याला दोनदा मोजा आणि काढून टाका. शून्य आले तर शून्य लिहा. तोही आकडाच आहे. दोन, तीन, दोन असे चाललेले असताना एकदम पंधरा-वीस आले, तर त्याचा अर्थ पतंगांची नवी पिढी निघाली. त्याच आठवड्यात चौकट घेऊन अंडी शोधायला उतरावे. सापळ्याचा आकडा पाहून थेट फवारू नये. तो आकडा शेताकडे बोट दाखवतो. निर्णय शेतातल्या मोजणीवर घ्यायचा.

ज्यांच्याकडे सापळा नाही त्यांच्याकडे पडवीतला दिवा आहे. खोडकिड्याचा पतंग उजेडाकडे येतो. रात्री सात ते दहाच्या दरम्यान दिव्याखाली पाण्याची परात ठेवली, तर मादीही सापडते आणि तिचा काळा ठिपका घरच्या घरी पाहता येतो. पौर्णिमेच्या आसपास, आकाश मोकळे असेल तर, दिव्याकडे पतंग कमी येतात. त्या दिवसांत परात रिकामी दिसली म्हणून कीड गेली असे समजू नये. दिवा रात्रभर जळत ठेवू नका. त्याच्याकडे मित्र-कीटकही ओढले जातात आणि नाहक मरतात.

मित्र-कीटक म्हटल्यावर कोणी विचारील, 'कीटक तो कीटक, त्यात मित्र कसला?' एक सोपा प्रयोग करून पाहा. शाळेत तर तो जरूर करावा. शेतातून अंडीपुंज असलेली पाच-सहा पाने तोडून आणा, काचेच्या बरणीत ठेवा आणि तोंडाला विरळ फडके बांधा. आठवडाभरात कधी त्यातून अळ्या निघतील, तर कधी अळ्यांऐवजी पिसवेएवढ्या काळसर गांधिलमाश्या निघतील. या माश्या खोडकिड्याच्या अंड्यातच आपले अंडे घालतात आणि अंडे आतून खाऊन टाकतात. ट्रायकोग्रामा हे त्यांतल्याच एकीचे नाव. पुष्कळशा पुंजक्यांतून या माश्या निघाल्या, तर तुमच्या शेतात फुकटचे मजूर आधीच कामाला लागले आहेत असे समजा. त्यांच्यावर औषध मारणे म्हणजे आपलाच गडी आपण घालवणे. शेतात गोळा केलेले पुंजकेही म्हणूनच लगेच जाळू नयेत. भांड्यात पाणी घालून त्याच्या मधोमध वाटी ठेवावी आणि वाटीत ती पाने टाकावी. अळ्या पाणी ओलांडून जाऊ शकत नाहीत, माश्या मात्र उडून शेतात परत जातात.

बेडकांचेही तसेच. भात पिकत आल्यावर दिवसा चुडाच्या बुंध्याशी लपून रात्री लोंब्या तोडणारी जी लष्करी अळी येते, तिला खाण्यात बेडकाचा हात धरणारा कोणी नाही. भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद केली, ती बेडूक कमी झाल्याने शेतातल्या किडी वाढतात हे दिसून आल्यावर. पहिल्या पावसात बत्त्या घेऊन बेडकांमागे लागणाऱ्यांनी भाद्रपदातल्या लोंब्यांचा हिशेब मनात ठेवावा.

न मोजता फवारल्याने काय होते, याचा धडा एका अख्ख्या देशाने घेतलेला आहे. इंडोनेशियात भातावर सरकारी मदतीने स्वस्तात औषधे मिळत आणि ती सर्रास मारली जात. त्यांनी तपकिरी तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि ढेकूण मेले, आणि तुडतुडे औषधालाच जुमानेनासे होऊन वाढतच गेले. शेवटी १९८६ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी ५७ औषधे भातावर वापरायला बंदी केली. त्यानंतर शेतकऱ्यांना शेतातच बसवून कीड मोजायला शिकवणारे वर्ग १९८९ पासून सुरू झाले. आपल्या कृषी खात्याच्या शेतीशाळा त्याच कल्पनेच्या. महाराष्ट्रातही २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला, आणि त्यानंतर २००९ पासून पिकांवरच्या कीड-रोगांचे नियमित सर्वेक्षण करून सल्ला देणारा प्रकल्प राज्याने हाती घेतला. क्रॉपसॅप या नावाने तो ओळखला जातो आणि त्यात भातही आहे. सरकारी माणूस काही ठरावीक शेते पाहतो. तुमचा कुणगा तुम्हालाच पाहायला हवा.

मोजणीची ही रीत मक्यालाही तशीच लागू आहे, आणि तिथे तर तिची निकड अधिक आहे. जामसंडे भागात मका म्हणजे परसातल्या चार ओळी, किंवा भात कापल्यावर विहिरीच्या पाण्यावर केलेला लहानसा तुकडा. घाटावर मात्र तो एकरांनी असतो. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यावर एक नवी अळी सापडली, आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोचली. ही अमेरिकन लष्करी अळी. मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत दिसली आणि दोन वर्षांत आपल्या बांधावर आली. तिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. घाट तिला अडवील, या भरवशावर कोणी राहू नये.

तिला ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट रेघ, आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. अंडी दोन-तीन दिवसांतच फुटतात. लहान अळ्या पान खरवडतात, तेव्हा पानावर कागदी, पांढुरकी झरोक्यासारखी चकती दिसते. मोठी झाल्यावर अळी पोंग्यात शिरते, पानांना भोकांच्या ओळी पडतात, आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साठते. अळी सर्वांत जास्त खाते ती शेवटच्या दोन अवस्थांत. म्हणजे पोंग्यातला भुसा दिसण्याची वाट पाहणाऱ्याने वेळ घालवलाच. पांढुरक्या चकत्या दिसताच हालचाल करायला हवी.

मक्यात मोजणी आणखी सोपी. कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरा, इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखे नागमोडी चाला, पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी २० झाडे पाहा. शंभर झाडे झाली. त्यांतली जितकी नव्याने खाल्लेली, तितके टक्के. भागाकार करायलाच नको. उगवणीपासून पहिले तीन-चार आठवडे शंभरात ५ झाडे हा इशारा समजावा. पोंगा मध्यम वाढलेला असताना १०, आणि पोंग्याच्या अखेरच्या काळात २० ही मर्यादा धरतात. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळ्यांचा, पोंग्यात पडेल असा फवारावा. मोजकी झाडे असली तर अंडीपुंज आणि अळ्या हाताने वेचणे हाच उत्तम उपाय. चार ओळींच्या मक्याला बाटली कशाला हवीय?

भातावर किंवा मक्यावर पातळी खरोखरच ओलांडली, तर औषध कोणते, किती आणि केव्हा, हे दुकानदाराला किंवा शेजाऱ्याला विचारू नये. आपल्याकडे संवाद ठरलेला असतो. 'काय रे, औषध कित्याक मारलंस?' 'शेजाऱ्यान मारल्यान, म्हणान मीय मारलंय.' शेजाऱ्याने तरी मोजले होते का? आपल्या वहीतले आकडे आणि मोबाइलवर काढलेले फोटो घेऊन कृषी खात्याच्या माणसाकडे किंवा किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे. नुसते 'भाताक कीड लागली हा' म्हटल्याने समोरचा मनुष्य अंदाज सांगतो. 'गेल्या आठवड्यात शंभरात पावणेचार, या आठवड्यात सहा, आणि पीक पोटरीत' असे सांगितले म्हणजे तो सल्ला देऊ शकतो. आपल्या कुणग्यांचे पाणी एकातून दुसऱ्यात, तिथून व्हाळाला आणि शेवटी खाडीला मिळते, हेही फवारणाऱ्याने विसरू नये.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. टक्केवारी, सरासरी आणि आलेख शिकवायला याहून चांगले साहित्य मिळणार नाही. शाळेजवळच्या एखाद्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन एक कुणगा निवडा. आठवड्यातून एकदा पाचवी ते सातवीची मुले चूड मोजतील, फळ्यावर आकडा लिहितील, आणि वर्गाच्या भिंतीवर आलेख चढत-उतरत जाईल. फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नये, एवढे पथ्य पाळावे. या मुलांचे आईवडील शाळेत येतात तेव्हा तो आलेख पाहतात, आणि ज्यांचा कुणगा शेजारीच आहे त्यांना ती बातमी घरबसल्या मिळते.

आणखी एक अडचण मी ऐकून आहे. नेमका जो आठवडा महत्त्वाचा, तेव्हाच गणपती येतात. हळव्या-निमगरव्या भाताची पोटरी आणि चतुर्थी यांची गाठ पुष्कळदा पडते. घर पाहुण्यांनी भरलेले, माटवी बांधायची, रात्री भजने. शेताकडे जाणार कोण? तर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यालाच पाठवा. त्यालाही शेत पाहायची हौस असतेच. त्याच्या हातात वही द्या आणि २० चूड मोजून आणायला सांगा.

शेवटी, पुढच्या वर्षाची मोजणी यंदाच्या कापणीपासून सुरू होते. पिवळा खोडकिडा जवळजवळ भातावरच जगतो. कापणीच्या वेळी त्याच्या अळ्या खोडाच्या अगदी बुंध्याशी उतरलेल्या असतात. वीतभर धसकटे ठेवून कापले तर त्यांना घर बांधून दिल्यासारखे होते. म्हणून वैभव विळ्याने जमिनीलगत कापावे, कापणीनंतर नांगरून धसकटे वेचून नष्ट करावी. पेंढाही थोडा जास्त मिळतो. आणि पुढल्या आषाढात तरवा लावताना रोपांचे शेंडे खुडून लावणी करावी. पतंग अंडी शेंड्यालाच घालतो हे आपण पाहिलेच. खुडलेले शेंडे खाचरात टाकू नयेत. बाहेर नेऊन पुरावेत.

तेव्हा या खरिपात एवढेच करा. दोन आण्यांची पूर्वीची वही आता दहा रुपयांना मिळते, ती एक घ्या. पहिल्या पानावर कुणग्याचे नाव, भाताची जात आणि लावणीची तारीख लिहा. मग दर आठवड्याला एक ओळ : एकूण फुटवे, मेलेले फुटवे, अंडीपुंज, सापळ्यातले पतंग. लावणीपासून कापणीपर्यंत जेमतेम बारा-तेरा ओळी होतील. पुढच्या वर्षी त्याच वारी, त्याच कुणग्यात उतरताना मागच्या वर्षीची ओळ वाचून उतरा. पतंग केव्हा येतो, तुमच्या मळ्यात तो आधी कोणत्या बाजूला दिसतो, हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. ते तुमच्या वहीतच सापडेल.